जपानमध्ये जुन्या वस्तीत कुणाच्या घरी उतरावं की सरळ हॉटेल घ्यावं? तिथले यजमान मनापासून स्वागत करतात की नुसता शिष्टाचार?

‘नुसता शिष्टाचार’ वाचलं आणि हातातली भाजी तशीच ठेवून लिहायला बसले. याच दोन शब्दांवरून आमच्या घरात 2019 पासून वाद चालू आहे.

मी तोक्योत यानाकाला राहते. 1657 च्या मोठ्या आगीनंतर बरीच देवळं इकडे हलवली. 1923 चा भूकंप आणि नंतरची बॉम्बफेक यांतून हा भाग पुष्कळसा वाचला, त्यामुळे जुन्या अरुंद गल्ल्या आणि खेटून उभी लाकडी घरं अजून आहेत. पलीकडच्या घरात कुणी शिंकलं तर इकडे कळतं. आमच्या घरमालकीण आजी शेजारीच राहतात आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. रीतसर नोंदणी आहे. 2018 पासून लागू झालेल्या कायद्याने वर्षाला 180 दिवसांवर पाहुणे ठेवता येत नाहीत.

2019 च्या मार्चअखेर माझे थोरले दीर आणि जाऊबाई मिरजेहून आले. आमच्या दीड खोलीत जागा कुठली, म्हणून आजींकडे सोय केली. आजींनी महिनाभर आधी मला गाठून विचारलं, शाकाहारी म्हणजे कात्सुओबुशीसुद्धा नाही ना? (माशाचा वाळवलेला कीस. इथल्या बहुतेक रश्शांत तो असतोच.) नाही म्हटल्यावर त्यांनी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि वाळवलेले शिताके मशरूम रात्रभर भिजवून रस्सा करून बघितला, आणि त्यासाठी नवं पातेलं आणलं. ही बाई अजून भाऊजींना भेटलीही नव्हती.

विमान उशिरा आलं. निप्पोरी स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा साडेदहा वाजून गेलेले. मी म्हटलं, भाऊजी, बॅगा उचलून घेऊ. ते म्हणाले, “मग चाकं कशाला दिलीत?” आमच्याकडे यायला युयाके दानदानच्या 36 पायऱ्या उतराव्या लागतात. छत्तीसही पायऱ्यांवर बॅग धाड धाड आपटली. खाली दुकानांची गल्ली केव्हाच बंद झालेली, त्यामुळे चाकांची घरघर आणखी मोठी. एका घराचा दिवा लागला. मग दुसऱ्या.

आजी दारात बसल्या होत्या. वाकून नमस्कार, सपाता पुढे केलेल्या, आंघोळीचं पाणी तयार. आम्ही वर गेलो आणि त्यांनी भाऊजींचे बूट उचलून टोकं दाराकडे करून ठेवले. सकाळी ताट ठेवून त्या आत निघून गेल्या. झालं! भाऊजींनी तिथेच निकाल दिला: “थंड माणसं. आग्रह म्हणून नाही.”

त्याच सकाळी मी आजींना गल्लीत पाहिलं. हातात कागदात नीट बांधलेले सेन्बेचे, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचे, पुडे. प्रत्येक दाराशी थांबायच्या, वाकायच्या, काल रात्री त्रास झाला म्हणून माफी मागायच्या. तिसऱ्या घरापासून मीही बरोबर गेले. लाजेने मान वर होत नव्हती. आजी एवढंच म्हणाल्या, भाऊजींना सांगू नकोस, सुट्टीवर आलेत ना.

मी तेव्हा नाही सांगितलं. दोन वर्षांनी, गणपतीत, सगळी पंगत बसलेली असताना सांगितलं. जाऊबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. आपला आग्रह बरेचदा यजमानाच्या हौसेचा असतो. पोट भरलेल्या माणसाच्या पानात तिसरी पुरणपोळी टाकणं म्हणजेच प्रेम, असं कुणी ठरवलं? मिरजेला माझ्या जपानी मैत्रिणीला श्रीखंड वाढून वाढून आजारी पाडलं होतं, ते मात्र ‘अगत्य’.

तर, राहावं का? राहा. न्हाऊन झाल्यावर टबाचं बूच काढू नका, तेच पाणी घरातले बाकीचे वापरतात. (भाऊजींनी काढलं होतं. आजींनी बोलल्याशिवाय पुन्हा भरलं.) चाकांची बॅग तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, फिरवू नका. आणि तुम्ही एका घराचे नाही, अख्ख्या गल्लीचे पाहुणे असता.

एक सांगायचं राहिलं. सगळीकडे आजी भेटणार नाहीत. पुष्कळ ठिकाणी दारावर आकड्यांच्या कुलपाची पेटी असते, यजमानाचं तोंडही दिसत नाही. तसं असेल तर हॉटेलच बरं. जिने खडे असतात, गुडघे दुखत असतील तरीही हॉटेलच. आणि खरं सांगायचं तर सलग चार दिवस दबक्या आवाजात बोलणं सगळ्यांना जमत नाही. मलाही सुरुवातीला गुदमरायला व्हायचं.

भाऊजी पुन्हा यायचं म्हणतायत. आजींकडेच उतरायचंय म्हणे, त्या कोंबूच्या रश्शासाठी. मी कळवलंय की या, पण बॅगा विमानतळावरूनच कुरिअरने घरी पाठवायच्या. पैसे मी भरते.