आंब्याच्या क्रेटवरील आरएफआयडी टॅगची मोजणी चुकते; दारावर कॅमेरा लावल्याने फरक पडेल का?

रत्नागिरीजवळच्या आपल्या पॅकिंग हाऊसमध्ये प्रत्येक क्रेटला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी ओळखचिठ्ठी, लावलेला असूनही, माल गाडीत चढवताना दारावरच्या रीडरची, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राची, मोजणी कधी कमी तर कधी जास्त येते आणि यंत्रणा विकणारे आता कॅमेरा जोडण्याचा आग्रह धरत आहेत, तर त्याने अचूकता खरोखर वाढेल का, असे आपण विचारले आहे. गेले सहा हंगाम मी दक्षिण कोकणातील पॅकिंग हाऊस आणि मासळीच्या शीतगृहांमध्ये अशी यंत्रणा बसवण्याचे व सांभाळण्याचे काम करतो. माझे उत्तर असे की अचूकता वाढेल, परंतु कॅमेरा टॅग वाचत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. टॅग वाचण्याचे काम रीडरचेच राहते. रीडरने वाचलेल्यांपैकी कोणते वाचन खरे धरायचे आणि कोणत्या ट्रॉलीच्या वेळी त्याच्यावर शंका घ्यायची, एवढेच कॅमेरा सांगतो.

मोजणी कमी येणे आणि जास्त येणे हे दोन निरनिराळे दोष आहेत आणि त्यांची कारणेही निरनिराळी आहेत. बहुतेक ठिकाणी फक्त दिवसअखेरची बेरीज तपासली जाते आणि तिथेच फसगत होते. एका ट्रॉलीवरील दोन क्रेट वाचायचे राहिले आणि भिंतीलगत ठेवलेल्या थप्पीतील दोन क्रेट उगाच वाचले गेले, तर बेरीज अगदी बरोबर येते. पण गाडीत गेलेल्या मालाची यादी मात्र चार ठिकाणी चुकलेली असते. कोणत्या बागेचा आंबा कोणत्या गाडीतून गेला हे दाखवता यावे यासाठीच आपण टॅग लावले असतील, तर अशा बरोबर बेरजेचा काही उपयोग नाही.

वाचन राहून जाण्याचे मुख्य कारण आंब्यातच आहे. आपले टॅग ज्या पट्ट्यात चालतात तो भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा असून त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर असते. पाणी ही लहर शोषून घेते आणि आंब्याच्या गरात बहुतांश पाणीच असते. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरीतून जी ऊर्जा मिळेल तिच्यावरच त्याची चिप जागी होते, त्यामुळे भरलेल्या क्रेटांच्या आड गेलेला टॅग जागाच होत नाही. रिकाम्या क्रेटांवर चाचणी घेऊन यंत्रणा उत्तम चालते असे दाखवले जाते, ते याचमुळे. आपल्या क्रेटच्या बाजूला असलेल्या जाळीतून हात घालून पाहावा. टॅगच्या पाठीशी फळ टेकलेले असेल, तर टॅगचा अँटेना जुळवलेल्या वारंवारतेवरून ढळतो. टॅग क्रेटच्या वरच्या कडेला, फळापासून दोन बोटे अंतर राहील असा लावल्यावर जो फरक पडतो, तो कोणत्याही कॅमेऱ्याने पडणार नाही. म्हणून पहिला खर्च टॅगची जागा बदलण्यावर करावा. मासळीच्या पेट्यांवर तर बर्फाचे खारे पाणी ओघळून टॅगवर पाण्याचा थर बसतो. तिथे टॅग पेटीच्या अंगाला चिकटवण्याऐवजी झाकणाच्या कोरड्या बाजूला न्यावा लागतो.

उगाच वाचल्या जाणाऱ्या टॅगांची गोष्ट वेगळी आहे. दारालगतचे लोखंडी शटर, पत्र्याच्या भिंती आणि गाडीचा हौदा यांवरून लहरी परावर्तित होतात आणि दारापासून बऱ्याच अंतरावर, आपली पाळी येण्याची वाट पाहत असलेल्या थप्पीतील टॅग जागे होतात. फास्टॅगही याच प्रकारचा टॅग आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो देशभर सक्तीचा झाल्यापासून, रांगेत मागच्या गाडीचा टॅग आधी वाचला गेल्याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. येणाऱ्या संकेताच्या जोरावरून टॅग जवळ आहे की दूर, हे ठरवावे असे वाटते. परंतु पत्र्याच्या शेडमध्ये दूरचा उघडा टॅग जवळच्या झाकलेल्या टॅगपेक्षा अधिक जोरात ऐकू येतो. त्या एका आकड्यावर विसंबता येत नाही.

कॅमेऱ्याचे खरे काम येथे सुरू होते. दाराच्या वर, जमिनीकडे झुकलेला कॅमेरा बसवून त्याच्या चित्रात दोन रेषा आखतात. ट्रॉलीने पहिली रेषा ओलांडली की नोंदीची खिडकी उघडते आणि दुसरी ओलांडली की बंद होते. ट्रॉली दारात नसताना झालेली वाचने या एकाच नियमाने बाद होतात आणि उगाच वाचनांचा मोठा भाग इथेच गळून पडतो. उरलेल्यांसाठी अधिक बारकाईने पाहावे लागते. चांगले रीडर प्रत्येक वाचनाबरोबर परतलेल्या लहरीची कला, म्हणजे फेज (परतताना लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते), नोंदवतात. लहर जाऊन परत येत असल्याने टॅग रीडरच्या अँटेनाच्या दिशेने सुमारे १७ सेंटीमीटर सरकला की कलेचे एक चक्र पूर्ण होते. ट्रॉलीवरील टॅगची कला अशी सलग बदलत जाते, तर थप्पीत स्थिर असलेल्या टॅगची जवळपास एका जागी राहते. शेजारून माणसे गेल्याने ती थोडी हलते, पण तिला दिशा नसते. ट्रॉली कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकत होती हे कॅमेरा सांगतो. त्या हालचालीशी ज्या टॅगची कला जुळते तो टॅग ट्रॉलीवरचा. ट्रॉली आत आली की बाहेर गेली, हा प्रश्नही त्यातच सुटतो. पुष्कळ ठिकाणी परत आलेली ट्रॉली दुसऱ्यांदा पाठवली म्हणून नोंदली जाते, त्याचे कारण दिशा न कळणे हेच असते.

राहून गेलेल्या वाचनांबाबत कॅमेरा फक्त सावध करू शकतो. ट्रॉलीवर सहा-सहा क्रेटांच्या दोन थप्प्या असतील आणि दोन्ही बाजूने दिसत असतील, तर बाजूचा कॅमेरा बारा क्रेट मोजतो. रीडरने अकराच टॅग दिले तर लाल दिवा लागतो आणि हमाल ट्रॉली वळवून पुन्हा दारातून आणतो. ट्रॉलीची बाजू बदलल्यावर राहिलेला टॅग बहुधा वाचला जातो. मात्र मागेपुढे चार थप्प्या रचलेल्या पॅलेटमध्ये मागच्या थप्प्या बाजूने दिसत नाहीत आणि वरून उंची नीट कळत नाही. तिथे कॅमेऱ्याच्या आकड्याला अंतिम मानू नये. हमालांचाही विचार करावा. एप्रिलच्या अखेरीस संध्याकाळी वाशीला जाणाऱ्या गाड्या भरायच्या असतात तेव्हा सगळे घाईत असतात. दिवा विनाकारण लागू लागला की लोक त्याकडे पाहणे सोडून देतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून सुरुवातीचे काही दिवस दिवा बंद ठेवून फक्त नोंद घ्यावी आणि तो किती वेळा खोटा लागला असता हे पाहूनच सुरू करावा. कॅमेरा क्रेट मोजण्यासाठी आहे, हे कामगारांना आधी सांगावे आणि चेहरे चित्रात येणार नाहीत अशा बेताने तो झुकवावा.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती आपण टाळावी. एका पॅकिंग हाऊसमध्ये सगळे जुळवून दिल्यावर आठवड्याभराने तक्रार आली की एका ट्रॉलीचे टॅग पुढच्या ट्रॉलीच्या नावावर पडत आहेत. दोन दिवस मी अँटेनाच तपासत बसलो. शेवटी दोन्ही यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा रीडरचे घड्याळ कॅमेऱ्याच्या घड्याळापेक्षा सात सेकंदांनी मागे असल्याचे दिसले. वळवाच्या पावसाने वीज गेली होती, त्याबरोबर इंटरनेटही गेले होते, आणि वीज परत आल्यावर रीडरला वेळ विचारायला कोणी उरले नव्हते. आपल्याकडे वीज जाणे नवे नाही. रीडर आणि कॅमेरा दोघांनीही शेडमधल्याच, बॅटरीवर चालणाऱ्या एका संगणकाकडून वेळ घ्यावी, आणि फरक अर्ध्या सेकंदाच्या वर गेला तर यंत्रणेने टॅग ट्रॉलीला जोडणे थांबवून तसे कळवावे.

कॅमेऱ्याची जागा ठरवताना दाराचे तोंड कोणीकडे आहे, ते पाहावे. किनाऱ्यालगतच्या शेडांची दारे पुष्कळदा पश्चिमेला असतात आणि नेमक्या भरण्याच्या वेळी, चार वाजल्यानंतर, उतरते ऊन थेट भिंगात शिरते. मग क्रेट म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. कॅमेरा दाराकडे पाठ करून बसवावा. शीतगृहात थंड बाजूला कॅमेरा लावला तर दार उघडताच बाहेरच्या दमट हवेने काचेवर दव धरते, म्हणून तिथे तो बाहेरच्या बाजूला किंवा काच तापवणाऱ्या पेटीत असावा. क्रेट ओळखायला शिकवण्यासाठी चित्रेही आपल्याच शेडमधली, सकाळची, उन्हाची आणि रात्रीच्या दिव्यांतली घ्यावीत. पेंढा वर आलेला क्रेट दुसरीकडच्या चित्रांवर शिकलेल्या कॅमेऱ्याला अनेकदा ओळखता येत नाही.

विकत घेण्यापूर्वी पन्नास ट्रॉल्यांची हाताने नोंद करून पाहावी. प्रत्येक ट्रॉलीवर प्रत्यक्ष कोणते क्रेट होते, त्यातले कोणते वाचले गेले नाहीत आणि नसलेले कोणते वाचले गेले, हे वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. उगाच वाचलेल्यांचा रकाना भरत असेल, तर आधी अँटेनाची ताकद कमी करून आणि थप्पी व दार यांमध्ये पत्र्याचा आडोसा उभा करून पाहावे, आणि तरीही भरत राहिला तर कॅमेरा जरूर घ्यावा. राहून गेलेल्यांचाच रकाना भरत असेल, तर कॅमेऱ्याचे पैसे तूर्त टॅग आणि अँटेनावर घालावेत. त्यातही अँटेनाच्या केबलचे जोड आधी उघडून पाहावेत. खाऱ्या वाऱ्याने आतल्या पितळेवर हिरवट थर चढतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मागच्या वर्षी चांगले चालणारे गेट या वर्षी निम्मे क्रेट सोडू लागले, तेव्हा मला दोनदा तिथेच कारण सापडले आहे.