वाचक विचारतात : इंजिन कुणी बंद केलं?

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी कॉम्प्युटरवर एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये सेसना 172 हे एका इंजिनाचं छोटं विमान उडवतो. होटगी रोडच्या विमानतळाजवळ 2500 फुटांवर आलो की इंजिन बंद करतो आणि धावपट्टीवर उतरतो. दहात आठ वेळा जमतं. परवा बहिणीने गंमत म्हणून न सांगता इंजिन बंद केलं, तर विमान वस्तीत कोसळलं. उंची तीच होती. मग चुकलं कुठे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुझ्या बहिणीला माझ्यातर्फे शाबासकी दे. आजवरचा तुझा एकमेव खरा सराव तिने घेतला.

तू स्वतः इंजिन बंद करतोस तेव्हा धावपट्टी कुठे आहे ते आधीच बघून ठेवलेलं असतं. मी शिकत होतो तेव्हा प्रशिक्षकांनी गप्पा मारता मारता थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढला. मी काय केलं? त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो! तेवढ्यात वेग दहा नॉटनी, म्हणजे ताशी साधारण अठरा किलोमीटरने, उतरला.

2009 च्या जानेवारीत न्यूयॉर्कला पक्षी धडकून एअरबसची दोन्ही इंजिनं गेली, विमान हडसन नदीत उतरवलं आणि सगळे 155 जण वाचले. नंतर तपासात वैमानिकांना सिम्युलेटरवर बसवलं. ताबडतोब मागे वळलेल्यांपैकी काहींना धावपट्टी गाठता आली. माणसाला भानावर यायला, विचार करायला 35 सेकंद लागतात असं धरून केलेला प्रयत्न मात्र फसला.

आता तुझे 2500 फूट. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, आणि आपलं सोलापूरच दीड हजार फुटांवर वसलंय. म्हणजे पायाखाली उरले जेमतेम हजार फूट. इंजिनाविना सेसना तेवढ्यात साधारण पावणेतीन किलोमीटर जाते, तेही सरळ आणि वारा नसताना. वेळ म्हणशील तर सव्वा-दीड मिनिट. त्यातली पंधरा सेकंद तू पडद्याकडे बघत बसलास, मग घाईघाईने तिरकं वळण घेतलंस, नाक वर ओढलंस, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना विमान उचलून धरता येईना. माझा अंदाज असा आहे. रिप्ले लावून वेगाच्या काट्यावर नजर ठेव.

यापुढे कळ बहिणीच्या हातात. इंजिन गेलं की आधी नाक खाली आणि वेग 68 नॉट (हा आकडा 172 एसचा, जुन्या मॉडेलचा थोडा कमी). मग उतरायची जागा. ती ठरल्यावरच इंधनाची कळ, पंप, मिक्श्चर (इंधन आणि हवेचं प्रमाण), इग्निशन. बहुतेक पोरं इथे उलटं करतात, इंजिन चालू करण्यातच गुंततात. जमीन जवळ असेल तर तो नाद सोडायचा.

शेतांच्या बाबतीत पडद्यावर विसंबू नकोस. तिथे हरभरा आणि पुरुषभर उंच ज्वारी सारखीच सपाट दिसते. हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडे चक्कर मार, कुठल्या रानात चाक टेकवता येईल ते बांधावर उभं राहून बघ. हुरडाही होईल.

आणि हो, विमान धावपट्टीवरून उठल्या उठल्या कळ दाबायची मुभाही बहिणीला दे. तेव्हा मागे वळायचं नाही. नाकासमोर, थोडं डावी-उजवीकडे, जी मोकळी जागा दिसेल तिथे टेकवायचं. शहराच्या दिशेने उड्डाण करून एकदा बघच, समोर काय काय येतं ते. त्या भागातली साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली, तेवढी एक अडचण कमी.