पीव्हीसी नेमकं किती अंशांना जळतं?

टीजीएच्या (नमुना तापवत त्याचं वजन मोजायची चाचणी) आलेखात वजन २५० अंशांच्या पुढे घटायला लागतं, मग मशीनमध्ये पीव्हीसी १८५ लाच काळं कसं पडतं, आणि हिशेबाला किसिंजर (नमुना वेगवेगळ्या वेगांनी तापवून विघटनाचा आकडा काढायची पद्धत) चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नावरून मी २००६ साली साहेबांशी भांडलोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

'अमुक अंशांना जळतं' हे डोक्यातून काढा. प्रत्येक तापमानाला विघटनाचा एक वेग असतो, आणि माल तिथे किती वेळ बसला यावर सगळं ठरतं. टीजीएत नमुना मिनिटाला १० अंशांनी पुढे पळतो, १८५ वर थांबतोय कुठे? सावकाश तापवा, तोच आलेख डावीकडे सरकेल.

भोसरीच्या एका पाईप युनिटमध्ये मी शिफ्ट बघायचो. भारनियमनाचे दिवस. लाईट गेली, माल पुढे ढकलणारा स्क्रू थांबला, त्याच्याभोवतीच्या तापलेल्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, माल तसाच. दोन तासांनी लाईट आली, पण घट्ट मालात स्क्रू फिरवला तर तुटेल, म्हणून पाऊण तास नुसते हीटर. एरवी काही मिनिटांत बाहेर पडणारा माल पावणेतीन तास आत! डायमधून (पाईपला आकार देणाऱ्या तोंडातून) आधी पिवळा, मग चॉकलेटी, शेवटी कोळसाच. नाकात झोंबणारा वास. साहेबांनी कंट्रोलरकडे बोट दाखवलं. १८५ च्या वर गेलंच नाही, म्हणजे मशीनवरच्या मामांचाच घोळ. मामांचे तीन दिवसांचे पैसे कापले.

मामा काय करणार होते? पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराईड सुटतो आणि तोच पुढचं विघटन वाढवतो. मागे साखळीत कार्बनच्या दुहेरी बंधांची रांग उरते, रंग तिचा. मालात मिसळलेला स्टॅबिलायझर (विघटन रोखणारं रसायन) हे आम्ल गिळतो, पण तो संपला की वेग भडकतो. पहिला तास निवांत गेला म्हणून दुसरा तसा जात नाही. ऍक्टिव्हेशन एनर्जी (विघटन घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) मोलला १२० किलोज्यूल धरा, १८० वरून १९० वर वेग दुप्पट, २०० वर जवळपास चौपट.

किसिंजर चालेल, तीन-चार तापनवेग घ्या. पण विघटनवेगाच्या आलेखातल्या एका शिखराला तो एकच आकडा देतो, स्टॅबिलायझर कधी संपला ते त्यात दिसत नाही.

त्यापेक्षा स्क्रू फिरता राहील एवढा जनरेटर घ्या. मी तेव्हाही हेच सांगत होतो. आमच्याकडे तो आला, मामा काम सोडून गावी गेल्यावर.

हो, १२० तुमच्या पीव्हीसीच्या मिश्रणाला (कंपाउंडला) तसाच लावू नका, फॉर्म्युला बदलला की आकडा बदलतो. आणि हे पॉलिथिनला लागू नाही, तिथे क्लोरीनच नाही, साखळी मध्येच कुठेही तुटते.