उंच भिंतीआड चोराचीच सोय होते

तुमचा प्रश्न असा: इमारत किंवा बाग नीट आखली तर चोऱ्या, छेडछाड खरंच कमी होते का, की शेवटी उंच भिंती आणि कॅमेरेच लागतात?

कमी होते. उंच भिंतीने मात्र पुष्कळदा उलटंच होतं. मी आर्किटेक्ट आहे, राहत्या इमारतींचे प्लॅन काढते, आणि हे मला माझ्याच एका जिन्याने शिकवलं. इमारतीच्या मागच्या अंगाला तो काढला होता, चहूबाजूंनी बंद. कागदावर जागा छान वाचली होती. लोक राहायला आल्यावर कळलं की संध्याकाळनंतर बायका आणि मुली त्या जिन्याने जातच नाहीत, लिफ्टसाठी कितीही वेळ थांबतात. मी स्वतः रात्री चढून पाहिलं. वळणावर कोण उभं आहे, हे दोन पायऱ्या उरेपर्यंत दिसत नव्हतं. नंतर प्रत्येक वळणावरची भिंत फोडून जाळी बसवली. आता जिन्यातून मुलांची खेळायची जागा दिसते आणि तिथे बसलेल्यांना जिना दिसतो. राबता सुरू झाला.

या सगळ्याचं मर्म एवढंच आहे. वाईट हेतूने आलेल्या माणसाला आडोसा लागतो आणि पळायला वाट लागते. भरीव कंपाउंड वॉल त्याला आडोसा देते: एकदा आत उडी मारली की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाच तो दिसत नाही. कमरेएवढी भिंत आणि वर जाळी असेल, तर तीच जागा त्याला उघडी पडते. बागेतही तसंच. झुडपं गुडघ्याच्या थोडी वर, झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर, आणि मधली नजरेची पट्टी मोकळी. झाडं तोडून टाकायची मुळीच गरज नाही.

शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्यावर असणाऱ्या डोळ्यांचं महत्त्व मांडलं. दुकानदार, खिडकीतली आजी, येणारी-जाणारी माणसं हीच खरी राखण. पुढे ऑस्कर न्यूमन या आर्किटेक्टने अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली प्रुइट-आयगो ही वसाहत पाहिली. अकरा मजली ३३ इमारती होत्या. दारापुढची जी जागा दोनच कुटुंबांत मिळून होती, ती लोकांनी स्वच्छ ठेवली होती, आणि दीडशे कुटुंबांची मिळून असलेली लॉबी, लिफ्ट आणि जिने यांची दुर्दशा झाली होती. माणसं तीच! जी जागा सगळ्यांची, ती कुणाचीच राहिली नव्हती. १९७२ पासून त्या इमारती पाडायला सुरुवात झाली. दोष एकट्या रचनेचा नव्हता, गरिबी होती, देखभालीला पैसा नव्हता, हेही सांगायला हवं. पण समोरच्याच बैठ्या वस्तीत तशीच कुटुंबं बऱ्यापैकी निर्धास्त राहत होती. म्हणून मी आता एका जिन्यावर जितकी कमी घरं ठेवता येतील तितकी ठेवते.

दिव्यांचा उपयोग होतोच. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी गृहवसाहतींतून चिठ्ठी टाकून काही निवडल्या आणि तिथे जादा दिवे लावले. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. मात्र एकच लख्ख फ्लडलाइट लावू नका. त्याने डोळे दिपतात आणि शेजारची सावली आणखी काळी होते. थोड्या थोड्या अंतरावर सौम्य दिवे हवेत, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येईल इतपत.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. तो नंतर पुरावा देतो, पण हाकेला धावून येत नाही.

बाकं काढून टाकणं किंवा त्यांवर मधोमध लोखंडी दांडे ठोकणं, हे सुरक्षिततेच्या नावाखाली चालतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. बसायला जागा नसेल तर वर्दळ जाते, आणि वर्दळ गेली की पाहणारे डोळेही जातात. आणि घराच्या दाराआड होणाऱ्या मारहाणीवर अशा रचनेचा फारसा इलाज चालत नाही. तिथे वेगळीच मदत लागते.

तुम्ही खर्च करायच्या आधी एक करा. ज्या जागेची भीती वाटते तिथे कुणाला तरी सोबत घेऊन रात्री उभ्या राहा किंवा उभे राहा, आणि तिथून किती घरांच्या खिडक्या दिसतात ते मोजा. एकही दिसली नाही, तर कुठली भिंत आड येते ते पाहा आणि काम तिथून सुरू करा.