सांगलीत पाच जणांच्या घरासाठी नवी छोटी सेडान घ्यावी की वापरलेली मोठी?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं आहेत, आई-वडील सत्तरीच्या पुढचे, मुलगी सातवीत, महिन्यातून एकदा पुण्याची फेरी आणि हातात साडेनऊ-दहा लाख. एवढ्यात एकतर मारुती डिझायरसारखी चार मीटरच्या आतली नवी सेडान येते, नाहीतर तुम्ही बघून ठेवलेली फेब्रुवारी २०२२ ची होंडा सिटी, पुणे पासिंग, ४१ हजार रनिंग, मागणी साडेनऊ लाख. वापरलेली मोठी गाडी घ्या, असं माझं मत आहे. पण हीच सिटी घ्या, असं मात्र इतक्यात म्हणणार नाही.

मी सांगलीतच राहतो आणि मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघातात चेपलेल्या, जळालेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या बघणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मॉडेलपेक्षा त्या एका गाडीच्या आयुष्यात काय घडलं, याकडे माझं लक्ष जास्त असतं.

आधी मोठी कशाला, ते बघू. बऱ्याच जणांना वाटतं की मोठ्या सेडानमध्ये मागं तिघं ऐसपैस बसतात. तसं नाही. नवी डिझायर १७३५ मिलिमीटर रुंद आहे आणि मारुतीचीच मोठी सेडान सियाझ १७३०. म्हणजे खांद्याला खांदा दोन्हीकडे सारखाच लागणार. फरक आहे तो पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात. डिझायरमध्ये ते २४५० मिलिमीटर, सिटीत २६००, सियाझमध्ये २६५०, स्कोडा स्लाव्हियात २६५१ आणि २०२३ नंतरच्या ह्युंदाई व्हर्नात २६७०. ही सहा ते नऊ इंच जागा बहुतेक मागच्या माणसाच्या गुडघ्यांसमोर मिळते. पुण्यापर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पेठनाक्यापर्यंतचा रस्ता, मग खंबाटकीचा घाट, आणि तेवढा वेळ सत्तरीचा माणूस मागं बसलेला. तिथं ही जागा फार उपयोगी पडते. डिकीचंही तसंच. डिझायरची ३८२ लिटर, सिटीची ५०६. पाच जणांच्या बॅगा आणि पुण्याच्या नातेवाइकांसाठी काढलेलं ज्वारीचं पोतं, असा हिशेब करून बघा.

मात्र सेडान खाली असते, आणि आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर हा प्रश्न मोठा आहे. माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा मी हे नीट शिकलो. बसताना माणूस कसाही बसतो. खरी परीक्षा उतरताना होते, कारण तेव्हा सगळं वजन गुडघ्यावर घेऊन वर यावं लागतं. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आई आणि वडील दोघांनाही मागच्या सीटवर बसवा, दार पूर्ण उघडा आणि त्यांना कुणाचा हात न धरता उतरायला सांगा. एकदा नाही, तीन वेळा. तिसऱ्या वेळी चेहऱ्यावर दिसतं. व्हर्नाचं छत मागं उतरत जातं, तिथं उंच माणसाचं डोकं टेकतं, तेही त्याच वेळी कळेल. आणि गाडीत पाचही जण बसलेले असताना तुमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून हळू न्या. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा असतो. भरल्या गाडीचा तळ घासतो की नाही, हे तुमच्या गल्लीतच कळेल.

नवी मध्यम सेडान तुमच्या पैशात बसत नाही, हे स्पष्टच सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. छोट्या गाड्यांना १८ टक्के झाला, पण चार मीटरपेक्षा लांब सेडानला ४० टक्के आहे. स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस, व्हर्ना, सिटी या साधारण दहा ते बारा लाखांत सुरू होतात, त्याही एक्स-शोरूम. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आणि वर विमा. कर्ज काढून तिथवर जाता येईल, पण मुलीचं शिक्षण आता पुढं आहे. मी तुमच्या जागी असतो तर तो हप्ता डोक्यावर घेतला नसता.

नवी डिझायर वाईट आहे, असं नाही. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला पाच तारे मिळाले आहेत आणि मारुतीचं वर्कशॉप तासगाव, विट्यापासून कुठंही सापडतं. घरात तिघं-चौघं असते आणि पुणे वर्षातून दोनदाच असतं, तर मी डोळे झाकून तीच सांगितली असती. डिझेलचा विचार करत असाल तर सोडून द्या. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर रनिंगला पेट्रोल पुरतं, आणि बीएस-६ डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर गावातल्या छोट्या फेऱ्यांनी चोंदतो.

आता जुनी गाडी. सांगलीकराने जुनी गाडी घेताना सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की ती ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या महापुरात कुठं उभी होती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग, हरभट रोड, मारुती रोड, स्टेशन चौक, शामरावनगर, सांगलीवाडी इथं गाड्या कित्येक दिवस पाण्यात उभ्या होत्या. त्या दिवसांत मी बघितलेल्या गाड्या अजून डोळ्यांसमोर आहेत. सीटवर बोटभर गाळ, डॅशबोर्डच्या जाळीतून निघालेला काळा चिखल. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि गाडी सॅल्व्हेज, म्हणजे नुकसान झालेला माल, म्हणून बोलीवर विकली जाते. घेणारा ती उघडतो, वाळवतो, धुतो, पॉलिश करतो आणि पाणी न बघितलेल्या गावात नेऊन विकतो. म्हणून पुणे पासिंग आहे, तिला महापुराचं पाणी लागलं नसेल, हे गृहीत धरू नका. चिपळूण जुलै २०२१ मध्ये बुडालं. पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ ला सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. तुमची सिटी २०२२ ची आहे, म्हणजे तिच्या बाबतीत मी हीच तारीख विचारीन.

माझ्या साडूंनी मला न विचारता अशी एक सेडान घेतली होती. दुसऱ्या शहरातला डीलर, सिंगल ओनर, आतून चकाचक, भाव बाजारापेक्षा लाखभर कमी. पहिला उन्हाळा छान गेला. पावसाळा सुरू झाला तशा मागच्या काचा अडकायला लागल्या, मग मध्येच हॉर्न बंद, मग एअरबॅगचा दिवा. फिटरने पायाखालचं कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ आणि वायरिंगचे कपलर हिरवे पडलेले. गाडीत त्यांची नात बसायची. एअरबॅग उघडली असती की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. तो प्रसंग आठवला की अजून राग येतो.

म्हणून हे सगळं तुम्ही स्वतः बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरची पट्टी कुणीही धुतो, पण गुंडाळीतल्या शेवटच्या हातभर पट्टीवर गाळाची रेघ राहते. स्टेपनी बाहेर काढून खालच्या खळग्यात हात फिरवा. पुढची सीट मागं सरकवून तिच्या रुळांचे नट बघा. चारपाच वर्षांच्या गाडीत तिथं गंज असायचं काही कारण नाही. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलाय, असं समजा आणि तिथूनच परत या. काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात उभी करा आणि मग दार उघडून वास घ्या. कुबट वास आला तर नको, आणि अत्तराचा घमघमाट आला तरी नको. हे सगळं झाल्यावर शंभर फुटी रोडवरच्या ओळखीच्या फिटरकडून लिफ्टवर खालून बघून घ्या आणि स्कॅनर लावा. इंजिन गार असतानाच पहिला सेल्फ तुम्ही मारायचा, हे विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

पण गाडी बघायला जायच्याही आधी एक कागद मागवा. चालू विमा पॉलिसी, सगळी पानं. लोक आरसी बुक बघतात, पॉलिसी कुणी वाचत नाही, आणि गाडीचा इतिहास तर तिथंच लिहिलेला असतो. क्लेम न घेणाऱ्याला दरवर्षी नो क्लेम बोनस वाढत मिळतो. पहिल्या नूतनीकरणाला २० टक्के, मग २५, मग ३५, ४५ आणि ५०. तुमची सिटी फेब्रुवारी २०२२ ची आहे. मालक एकच असेल आणि एकदाही क्लेम नसेल, तर फेब्रुवारी २०२५ च्या पॉलिसीवर ३५ टक्के दिसायला हवेत. तिथं शून्य असेल, तर बहुधा त्याआधीच्या वर्षात क्लेम घेतलाय, आणि २५ जुलै २०२४ ही तारीख नेमकी त्याच वर्षात येते. क्लेम म्हणजे वाईटच असं नाही, बंपर रंगवायलाही लोक क्लेम घेतात. पण कशाचा होता, हे मालकाने न अडखळता सांगावं आणि वर्कशॉपचं बिल दाखवावं. बोनस राखून ठेवणारं ॲड-ऑन, म्हणजे मूळ विम्याला जोडलेलं जादा संरक्षण, घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही टक्के तसेच राहतात, म्हणून ॲड-ऑनची यादीही वाचा. ३५ टक्के दिसले म्हणजे झालं, असंही नाही. पदरचे पैसे घालून दुरुस्त केलेली गाडीही असते. त्यासाठी गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी काढून घ्या. किलोमीटरचा मीटर मागं फिरवला असेल तर तोही तिथंच पकडला जातो.

त्याच पॉलिसीवर आयडीव्ही छापलेली असते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ठरलेल्या तक्त्याप्रमाणे ४० टक्के घसारा धरतात. बाजारभाव आयडीव्हीपेक्षा थोडा वर असतो, सिटीसारख्या मागणीच्या गाडीला तर असतोच, पण घासाघीस करताना तो आकडा हाताशी असू द्या.

कागदपत्रांचं लवकर सांगतो. राज्यातलीच गाडी असल्याने रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र हातात पडल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नका. दंडाची ई-चलनं बघून घ्या. आपल्याकडे कर्नाटकच्या केए-२२, केए-२३ पासिंगच्या गाड्या स्वस्तात दाखवतात. त्यांचा टॅक्स महाराष्ट्रात नव्याने भरावा लागतो, तो धरला की स्वस्ताई उरत नाही.

गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही तुमच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. आणि इंजिन प्रोटेक्ट घ्याच. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर साध्या पूर्ण विम्यात भरपाई मिळते. पण पाण्यात कुणी सेल्फ मारला आणि इंजिनाने पाणी ओढलं, तर हे ॲड-ऑन नसताना इंजिनाचा खर्च स्वतःच्या खिशातून जातो. २०१९ ला गाडी बाहेर काढायच्या धडपडीत किती जणांनी असा सेल्फ मारला, ते मी बघितलंय. रडवेल्या माणसाला नाही म्हणायची वेळ माझ्यावर पुन्हा येऊ नये, म्हणून इतकं लिहितोय.

तर आज संध्याकाळी त्या पुण्याच्या मालकाला फोन करा आणि पॉलिसीचा फोटो मागवा. द्यायला टाळाटाळ केली तर ती गाडी सोडा. सिटी, सियाझ बाजारात खूप आहेत. सगळं ठीक निघालं तर नऊपासून बोलायला लागा. जाताना टायरवरचा चार आकडी कोडही वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथं २१ किंवा २२ साल दिसलं तर ते गाडीबरोबर आलेले मूळ टायर आहेत, आणि चार नव्या टायरचे पैसे त्या किमतीतूनच कमी करून मागा.