आधी पाणी विचार

प्रिय पोरी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात इटलीतल्या सिएनाच्या कौतुकाची नऊ पानं, दुसऱ्यात एकच ओळ : 'सर, इथलं सगळं लिहून झालंय, प्रबंधाला माझ्यासाठी काही उरलेलंच नाही.'

अगं, नऊ पानांत एकदाही पाणी आलेलं नाही! वर्गात माझी नक्कल करायचात ना, 'गाव बघायला गेलात की आधी पाणी विचारा'? नक्कल झकास व्हायची, बाकी काही डोक्यात शिरलेलं दिसत नाही.

सिएनाला नदी नाही. टेकड्यांवर बसलेलं गाव. तरी १२६० मध्ये मोंतापेर्तीला याच गावानं फ्लोरेन्सच्या फौजेचा धुव्वा उडवला. एवढी माणसं प्यायची काय? पायाखाली बघ. बोत्तीनी, म्हणजे मऊ वालुकाश्मात खोदलेले बोगदे, सुमारे २५ किलोमीटरचे. तळाशी अरुंद पन्हळ, तिचा उतार इतका मंद की पाणी धावत नाही, चालतं. जमिनीखाली 'दियाना' नावाची नदी आहे म्हणून लोक खोदत राहिले, तर फ्लोरेन्सच्या दान्ते कवीनं त्यांची टर उडवली. त्याच्या गावातून आर्नो नदी वाहते, त्याला काय कळणार!

काम्पो या मुख्य चौकावर तू दीड पान लिहिलंस. विटांचे नऊ पट्टे, १२८७ ते १३५५ पर्यंत राज्य केलेल्या नऊ जणांच्या मंडळाची आठवण. बरोबर. पण त्या विटांवर बसलीस तेव्हा बाटली कुठे घरंगळली? खाली, पालाझ्झो पुब्लिकोच्या, म्हणजे नगरभवनाच्या पुढ्यात. पट्ट्यांमधल्या सगळ्या पांढऱ्या रेघा जिथे मिळतात तिथे मोरी आहे. शिंपल्यासारखी देखणी असली तरी मी मोरीच म्हणणार. सत्तेची खूण आणि पावसाचा निचरा एकाच रेघेत बसवलाय त्यांनी! वरच्या अंगाला फोंते गाया, आनंदाचं कारंजं. चौदाव्या शतकात बोगद्यातलं पाणी चौकापर्यंत पोचलं तेव्हा जो जल्लोष झाला त्यावरून हे नाव, असं सांगतात. त्यावरची याकोपो देल्ला क्वेर्चाची शिल्पं नंतरची, १४१९ ला पुरी झाली. तू फोटो काढलेस त्या एकोणिसाव्या शतकातल्या नकला. असो. पाणी आधी आलं, शिल्प मागून.

आता फोंतेब्रांदा या जुन्या कारंज्याला उतर. तीन कमानी, वर दगडी सिंह. आत ओळीनं टाक्या : पहिलीत पिण्याचं, तिच्यातून ओसंडलेलं जनावरांना, त्यातून उरलेलं धुण्याला. शेवटी कातडी कमावणारे आणि रंगारी. संत कॅथरीन, जन्म १३४७, याच उतारावरच्या रंगाऱ्याची मुलगी. तिच्या घराबद्दल तू भक्तिभावानं लिहिलंस, पण रंगाऱ्यानं घर तिथेच का घेतलं हे विचारलं नाहीस.

रागावलो असं वाटत असेल तर वाटू दे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सहा तास होतो. तीन रोल संपवले, निम्मे कॅथेड्रलच्या दर्शनी भागावर. परत येऊन पहिली मोठी वसाहत बांधली. दर्शनी भाग असा की एका मासिकानं छापला. पहिल्याच पावसाळ्यात तळमजल्यावर गुडघाभर पाणी. एक आजी खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "हितं ओढा हुता बाबा. कुनाला तरी इचारायचं." कुणाला विचारलं नव्हतं. नकाशावर ओढा नव्हता आणि मी नकाशावर विसंबलो.

तेव्हापासून मी हट्टी झालो. कामं गेली, 'सरांना पाण्याचं खूळ आहे' म्हणाले. असू दे खूळ. दुसऱ्या खेपेला सिएनात अकरा दिवस काढले आणि तासाभरावरच्या फ्लोरेन्सला जाऊन उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय बघितलंच नाही. मित्र अजून हसतात. मी न भेटल्यानं तिथल्या चित्रकार बोत्तीचेल्लीचं काही अडलं नाही.

चित्रं सोड असं म्हणत नाही. आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीच्या सुराज्याच्या चित्रापुढे (१३३८–३९) तू दोन तास बसलीस हे आवडलं. त्यात एकोपा बाई म्हणून रंगवलाय, तिच्या मांडीवर सुताराचा रंधा दिसला का? उंचसखल तासून सपाट करायला. तो दिसला असेल तर तुझ्यात दम आहे. ते १३४८ च्या प्लेगनंतर अर्धवट राहिलेलं थोरलं कॅथेड्रल मात्र सोड, त्यावर जो तो हळहळतो.

विषय असा घे : एकच कारंजं. त्याचं पाणी कुठून येतं, ओसंडलं की कुठे जातं, वाटेत कोण कोण राहिलं. बोत्तीनीत उतरायला आधी नाव नोंदवावं लागतं, ते आजच नोंदव. कात्रजहून पेशव्यांनी शनिवारवाड्यापर्यंत आणलेलं पाणी तू पुण्यात पाच वर्षं राहून बघितलं नाहीस, ते मी विसरलेलो नाही.

पाऊस आला की छत्री घेऊन त्या मोरीपाशी उभी राहा. फोटो नकोत. हातानं काढलेला उतार पाठव, बाणांसकट.

गुडघ्याचं विचारलंस. चढताना बरा असतो, उतरताना दुखतो.

तुझा,
सर