भाड्याच्या घरात भिंतीला एकही भोक न पाडता मॉड्युलर शेल्फ आणि क्यूब युनिट कसं उभं करावं?

करारात भिंतीला खिळा ठोकायला मनाई आहे आणि तुम्हाला एक क्यूब युनिट (चौकोनी खणांचं कपाट) व एक उंच पुस्तकांचं शेल्फ लावायचंय, असं प्रश्नात म्हटलंय. क्यूब युनिट बिनधास्त घ्या. उंच शेल्फ घेण्याआधी थोडं थांबा.

भिंतीचा आधार नसेल तर सगळी भिस्त युनिटच्या बुडावर आणि खाली ठेवलेल्या वजनावर. बहुतेक मॉड्युलर युनिटं पुढून मागे जेमतेम ३० ते ४० सेंमी असतात. त्यामुळे दोन-तीन खणांची, म्हणजे साधारण ८० ते १२० सेंमी उंचीची उघडी युनिटं निवांत उभी राहतात, त्याहून उंच गेलात की धोका झपाट्याने वाढतो. ड्रॉवर असतील तर बुटकं युनिटसुद्धा कलंडू शकतं: दोन-तीन भरलेले ड्रॉवर एकदम ओढले की वजन पुढच्या पायांच्या पलीकडे जातं. म्हणून दोन बाय चारचं युनिट उभं न करता आडवं ठेवा. फक्त सूचनापत्रकात तशी परवानगी आहे ना, ते बघून घ्या.

जोडणी करताना खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरून त्यावरच काम करा. आधी लाकडी खुंट्या, मग कॅमचे (फळीत बसणारी, फिरवून आवळायची गोल चकती म्हणजे कॅम) बोल्ट, तेही कॉलर, म्हणजे बोल्टवरची कडी, फळीला टेकेपर्यंतच. कॅमवरचा बाण बोल्टच्या भोकाकडे ठेवून साधारण अर्धा फेरा फिरवला की तो आवळतो. आधीच अडला तर जोर लावू नका, बोल्ट पूर्ण आत गेलेला नसतो. इथे ड्रिल मशीन वापरणं म्हणजे पार्टिकल बोर्डाचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) भुगा करून घेणं. हाताचा स्क्रूड्रायव्हर पुरतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, मागची पातळ फळी. बहुतेकांना ती नुसती शोभेची वाटते. प्रत्यक्षात चौकट तिरकी होऊ न देण्याचं काम तीच करते, आणि भिंतीला न बांधलेल्या युनिटमध्ये तर सारी मदार तिच्यावर. ती ठोकण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. एक कर्ण ५ मिमी जास्त भरला तर त्याच कर्णाचे दोन कोपरे एकमेकांकडे दाबा. दोन्ही सारखे झाले की दर १० ते १५ सेंमीवर खिळा ठोका. मागून उघडं युनिट असेल तर निदान टोकाच्या दोन खणांना मागे फळी बसवा, नाहीतर महिन्याभरात डगडगायला लागतं.

जागेवर नेल्यावर पाणसळ लावा. पुढच्या कडेखाली ३-४ मिमीची पाचर सरकवून युनिट किंचित मागे झुकू द्या. स्कर्टिंगमुळे (भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीमुळे) ते भिंतीपासून १०-१५ मिमी पुढे राहतं आणि वरचं टोक अधांतरी असतं. तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी युनिटच्या मागे वरच्या कडेला लावा, तिच्यावर फेल्ट चिकटवा. चिकटवाचिकटवी फर्निचरवर करायची, भिंतीवर नाही. भिंतीला ओल असेल तर मात्र हे चालणार नाही. तिथे हवा खेळायला ३ ते ५ सेंमी मोकळी जागा सोडा आणि बुटकं युनिटच ठेवा, नाहीतर मागे बुरशी धरते आणि बोर्ड फुगतो.

डबल टेप आणि चिकट पट्ट्यांबद्दल स्पष्ट सांगतो: त्या कपाट धरून ठेवण्यासाठी नाहीतच. टेप पक्की असते, पण तिच्याखालचा रंग तेवढा पक्का नसतो. ओढ बसली की रंग पुट्टीसकट पापुद्र्यासारखा सुटतो, आणि भोकापेक्षा मोठा डाग पडतो. वायरच्या क्लिपा, हलकी फ्रेम यांना ठीक. काढताना ताणून काढायची पट्टी भिंतीला समांतर, हळूहळू खाली ओढायची.

जमीन ते छत अशा दाबाच्या खांबांवर चालणारी शेल्फं उंचीसाठी चांगला पर्याय आहे, पण वर पक्का स्लॅब हवा. फॉल्स सीलिंगवर ती लावूच नका. वरची टोपी आणि छत यांच्यामध्ये १० बाय १० सेंमीचा प्लायवूडचा फेल्ट लावलेला तुकडा ठेवला तर दाब पसरतो, छतावर वळ उठत नाही. खांब ओळंब्यात हवेत. दोन-चार दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळा. जमीन व्हायनिलची असेल तर काळं रबर थेट टेकवू नका, त्याचा पिवळा-तपकिरी डाग पुसून जात नाही. मध्ये कॉर्क घाला.

पुस्तकांचं वजन लोक हमखास कमी धरतात. एक मीटर रांगेचं वजन सहज २० ते ३० किलो भरतं. तशीच फळी, तशीच भरलेली, पण ६० ऐवजी ९० सेंमी लांब असेल तर तिला बाक पाचपट येतो. १६-१८ मिमी बोर्ड असेल तर ६०-७० सेंमीच्या पुढे जाऊ नका.

दोन बुटकी युनिटं काटकोनात ठेवून चार जोडबोल्टांनी बांधली (दोन वर, दोन खाली), तर ती एकट्या उंच शेल्फपेक्षा कितीतरी पक्की राहतात. पाठीला पाठ लावून बांधली तर बूड दुप्पट होतं आणि खोलीत आडोसाही होतो.

घरात लहान मूल असेल आणि उंच युनिटच हवं असेल, तर दुसरा उपाय शोधत बसू नका. युनिट भिंतीला बांधण्यासाठी घरमालकाकडून ८ मिमीच्या दोन भोकांची लेखी परवानगी घ्या, भोकं पाडण्याआधीचा आणि सोडताना पुट्टी-रंग झाल्यावरचा फोटो ठेवा. नाही म्हणाले तर उंच युनिट घेऊ नका.

घर बदलताना प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपवर नंबर लिहा. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात लाकडाचा पांढरा गोंद आणि गूल काढलेल्या लाकडी काडेपेटीच्या काड्या दाबून बसवा, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं टोक कापा आणि मग तोच स्क्रू हाताने फिरवा.